शिबिरासाठी नको, दुसऱ्या फेरीसाठी पैसे मागा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची संस्था घाटंजी तालुक्यातल्या बारा गावांत 2014 पासून बचतगट आणि व्यसनमुक्तीचं काम करते. गेल्या दोन वर्षांत आमच्या दोन गावांत तरण्या शेतकऱ्यांनी जीव दिला. त्यातला एक आमच्या गटातल्या बाईचा मालक. तेव्हापासून मानसिक आरोग्यावर काही करावं असं डोक्यात आहे. आता एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीनं समाजकामाला द्यायचा पैसा) अधिकाऱ्यांनी प्रस्ताव मागितला आहे. आम्ही वीस लाखांचा अंदाज काढला: समुपदेशन केंद्राची इमारत, वर्षाला चार महाशिबिरं, भित्तिपत्रकं. 'तीन वर्षांत आत्महत्या शून्यावर आणू' असं उद्दिष्ट लिहा, असं एकानं सुचवलं. आमच्यात मानसशास्त्र शिकलेलं कोणी नाही. प्रस्ताव कसा लिहावा?
— एका संस्थेचे सचिव, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, प्रस्तावाचं नंतर बोलू. गटातल्या त्या ताईंकडे तुमचं जाणं-येणं अजून चालू आहे ना? चौदावं झालं की माणसं पांगतात, आणि खरी कठीण रात्र त्यानंतर सुरू होते. चालू असेल तर तुमचं मानसिक आरोग्याचं काम सुरू झालेलंच आहे. प्रस्तावात तेच लिहायचं आहे.

इमारत आणि महाशिबिरं मात्र अंदाजपत्रकातून काढून टाका. हे मी अनुभवावरून सांगते. दर्यापूरकडच्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बावीस वर्षं सांभाळले. पहिल्यांदा मानसिक आरोग्यासाठी देणगी मिळाली तेव्हा आम्हीही शिबिरच घेतलं. शाळेच्या पटांगणात मंडप टाकला, नागपूरहून डॉक्टर आणले, चहा-चिवड्याची सोय केली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दीडशेच्या आसपास माणसं तपासली आणि गरज होती त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. देणगीदार खूश होते, आम्हीही खूश होतो.

तीन आठवड्यांनी एक म्हातारी आमच्या दारात आली. पदराच्या गाठीत तिनं गोळ्यांची रिकामी पट्टी बांधून आणली होती. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, ह्या गोया आता कोठी भेटतीन? माहा पोरगा अकरा राती झोपला." तिचा तो मुलगा चार वर्षांपासून रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा, कुणाशी तरी बोलायचा. भगताकडे दोन बकरे गेले होते. औषधानं तो पहिल्यांदा झोपला आणि आमच्याकडे पुढच्या गोळ्या नव्हत्या, डॉक्टर परत गेले होते, आणि त्याला अमरावतीला न्यायला अंदाजपत्रकात एक रुपयाही नव्हता. मंडपाचे, फलकाचे, चहाचे होते. मीच ते अंदाजपत्रक टाइप केलं होतं.

त्याचे उपचार पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. तोवर त्याच्या वाट्याचं वावर भावानं मक्त्यानं देऊन टाकलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पैसे मागायचे ते दुसऱ्या फेरीसाठी. तिसऱ्या, दहाव्या, पंचविसाव्या फेरीसाठी. पहिल्या दिवशी माणूस शोधणं सोपं असतं. त्याच्याकडे परत जायला पैसे लागतात, आणि तेच कोणी देत नाही.

तुम्हाला कंपनीचे साहेब हमखास विचारतील, "सरकार हे करतं ना, मग तुम्ही कशाला?" प्रश्न योग्य आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात 1996 पासून आहे. त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि मोफत औषधं मिळायला हवीत. उपचार मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं प्रत्येकाचा हक्कच केला आहे. 'टेली-मानस' या सरकारी मदत-फोनसेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून आहे. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. म्हणजे डॉक्टर आहे, गोळी आहे, फोन आहे. तरीही 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचलेलीच नसतात. घरापासून त्या गोळीपर्यंतचं जे अंतर आहे, त्यात तुमची संस्था उभी राहणार आहे. साहेबांना हेच सांगा. आणि सांगण्याआधी स्वतः जिल्हा रुग्णालयात जाऊन त्या कार्यक्रमाच्या लोकांना भेटा. बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, कोणती औषधं तिथं मिळतात, तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांची फेरी असते का, हे विचारून घ्या. 'ही संस्था रुग्ण पाठवेल, आम्ही तपासू' एवढ्या दोन ओळींचं पत्र मिळालं तर प्रस्तावाला जोडा. वीस पानांच्या प्रस्तावनेपेक्षा त्या पत्राचं वजन जास्त आहे.

इमारतीबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. 'समुपदेशन केंद्र' असा फलक लागला की गावात त्याचं नाव 'वेड्याचा दवाखाना' पडतं आणि मग लग्नाची पोर असलेल्या घरातलं कोणीही त्या दारात पाय ठेवत नाही. आमचं बोलणं झालं ते ओसरीत, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, अंगणवाडी सुटल्यावर तिच्या पायरीवर. बायका वेचणीच्या रांगेत जेवढं बोलल्या तेवढं खुर्चीवर बसून कधीच बोलल्या नसत्या.

आता 'आमच्यात शिकलेलं कोणी नाही' याची चिंता. आपल्या विदर्भातच 'विश्राम' नावाचा एक प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून कामाला लावलं आणि गरज पडेल तिथं तज्ज्ञ डॉक्टर जोडून दिले. 30 गावांत आधी आणि 18 महिन्यांनी पाहणी केली. नैराश्य असलेल्या माणसांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. 2017 साली हे 'लॅन्सेट सायकियाट्री' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्रस्तावात याचा उल्लेख जरूर करा. परदेशातलं उदाहरण शोधायला नको, आपल्याच कापसाच्या मुलखातलं आहे.

पण शिकवणं म्हणजे एक दिवसाचं भाषण नव्हे. कार्यकर्तीला नैराश्य ओळखण्याची एक प्रश्नावली शिकवली जाते, पीएचक्यू-9. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. आमची एक कार्यकर्ती पहिल्या महिनाभर आठ प्रश्न विचारायची आणि नववा गाळायची. मी कागद तपासताना तो रकाना सगळीकडे कोरा. विचारलं तर रडायला लागली: "ताई, विचारलं आन् तो हो म्हणला, तर मी काय करू?" तिची भीती खरी होती. आम्ही तिला प्रश्न दिला होता, पुढचं काही दिलं नव्हतं. विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलता आल्यानं माणूस मोकळा होतो. पण 'हो' आल्यावर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, त्याच्याजवळ रात्री कोण थांबणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार आणि गाडी कुणाची, हे गावागावासाठी आधी लिहून ठेवलेलं हवं. ते लिहून होईपर्यंत एकाही घरात ती प्रश्नावली काढू नका. देणगीदारानं घाई केली तरी नाही.

शिवाय कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर घरचे पोलिसांच्या भीतीनं तो लपवतात. कार्यकर्तीला हे ठाऊक हवं की 2017 च्या कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला आरोपी करायचं नाही, त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची आहे. एवढं ऐकलं तरी कितीतरी घरांची कडी निघते.

पैशाचं बोलू. बारा गावांना दोन कार्यकर्त्या, प्रत्येकीकडे सहा गावं, दर गावात आठवड्याला एक फेरी. महिना 10,000 मानधन धरलं तर वर्षाचे 2,40,000. प्रवासाला दोघींचे मिळून 36,000. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण शेवटची गाडी चुकली की ऑटोवाल्याला पूर्णच द्यावे लागतात, म्हणून इथं हात आखडू नका. महिन्यातून दोनदा एखादे मानसशास्त्रज्ञ येऊन कार्यकर्त्यांशी बसतील, त्याचे 60,000. सुरुवातीच्या प्रशिक्षणाला 40,000. फोन, नोंदवह्या आणि कुलूप लागणारं एक कपाट, 24,000. हिशेब आणि ऑडिटला 30,000. आणि रुग्ण व त्याच्यासोबतच्या माणसाच्या येण्याजाण्याला आणि त्या दिवशीच्या जेवणाला 50,000. झाले 4,80,000. तुमच्या वीस लाखांत याच पद्धतीनं चार वर्षं निघतात.

मानसशास्त्रज्ञांचे साठ हजार कापू नका, असं हात जोडून सांगते. त्या कार्यकर्त्या रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून घरी जातात. त्यांचं ऐकणारं कोणी नसेल तर आठव्या महिन्यात त्या काम सोडतात, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवलेली माणसं दुसऱ्यांदा एकटी पडतात.

अधिकारी कदाचित म्हणतील, "मानधन फार दिसतंय, प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर जाता येत नाही." इथं घाबरायचं नाही. सीएसआरच्या नियमांतली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. गावात जाणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा प्रशासकीय खर्च नाही, तो प्रकल्पाचाच खर्च आहे. ती गेली नाही तर प्रकल्पच नाही. शांतपणे समजावून सांगा, बहुतेक जण ऐकतात.

तसंच एका वर्षाचा प्रस्ताव देऊ नका. कंपनीला सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणारा प्रकल्प मंजूर करता येतो आणि त्याचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात राखून ठेवता येतो. तशी मागणी करा. नैराश्याच्या गोळ्या बरं वाटल्यावरही बरेच महिने घ्याव्या लागतात, मोठ्या आजारात वर्षानुवर्षं. मार्चअखेर संपणारा प्रकल्प अशा माणसाच्या काय कामाचा?

आणि 'आत्महत्या शून्यावर' हे वाक्य खोडा. तुमची भावना मला समजते. पण बारा गावांत एखाद्या वर्षी एक मृत्यू होतो, एखाद्या वर्षी तीन, एखाद्या वर्षी एकही नाही. एवढ्या लहान आकड्यावरून तुमच्या कामानं काय झालं हे कुणालाही सांगता येणार नाही. आणि देव न करो, दुसऱ्या वर्षी एक जरी घटना घडली तर तुमच्या कार्यकर्तीला वाटेल तिच्यामुळेच झाली. नापिकी, भाव, सावकार आणि बँकेची नोटीस हे तिच्या हातात नाही. तिच्या हातात जे आहे तेच लिहा: किती घरांत फेरी झाली, किती जण डॉक्टरपर्यंत पोचले, आणि त्यातले सहा महिन्यांनी किती जण उपचार चालू ठेवून आहेत. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो शंभर टक्के येणार नाही. जो येईल तो लिहा.

प्रश्न : आमच्या संस्थेची नोंदणी होऊन दीडच वर्ष झालं. आम्हाला सीएसआर मिळेल का? एका सभासदाचा भाचा अमेरिकेत आहे, तो पैसे पाठवायला तयार आहे.
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : स्वतःच्या नावावर सध्या अवघड आहे. कंपनीनं बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची 12ए आणि 80जी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी, सीएसआर-1 अर्ज भरून मिळणारा क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर जवळच्या एखाद्या जुन्या, चांगल्या संस्थेबरोबर भागीदारीत काम करा. पण भागीदारी तोंडी ठेवू नका. कोण काय करणार, पैसे किती आणि कधी येणार, हे दोन पानांवर लिहून सह्या घ्या.

मधल्या काळात नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून घ्या. धर्मादाय कार्यालयात दरवर्षीचा ऑडिट अहवाल वेळेवर द्या. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत फेरफार अर्ज टाका. मी किती चांगल्या संस्थांचे अर्ज याच एका कागदापायी परत आलेले पाहिलेत. वारलेल्या अध्यक्षांचं नाव पाच-पाच वर्षं तसंच असतं.

भाच्याचं विचाराल तर एकच गोष्ट बघा: त्याचा पासपोर्ट कोणता? तो अजून भारताचा नागरिक असेल तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरएची (परकीय देणग्यांच्या कायद्याची) परवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. कोऱ्या पावतीवर 'मामांच्या नावानं दाखवू' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

दीड वर्षाच्या संस्थेनं पहिली देणगी गावातच मागावी असं माझं मत आहे. कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, निवृत्त शिक्षक यांच्याकडे जा. 500 रुपये का असेना. एका कार्यकर्तीचा सहा महिन्यांचा प्रवास अशा पैशांवर चालू शकतो, आणि तीन वर्षांनी 'अनुभव' म्हणून दाखवायला तीच नोंदवही कामी येते.

प्रश्न : देणगीदार लाभार्थ्यांची नावं, मोबाइल क्रमांक आणि गोळ्या घेतानाचे फोटो मागत आहेत. नाही दिले तर दुसरा हप्ता अडेल, असं वाटतं. शिवाय दोन निराधार मनोरुग्णांना कार्यालयामागच्या खोलीत ठेवून घ्या, असाही त्यांचा आग्रह आहे.
— एक कार्यकर्ती, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, दोन्हीला नाही म्हणा.

खोलीचं आधी. मानसिक आजार असलेल्या माणसांना उपचार, देखभाल किंवा पुनर्वसनासाठी मुक्कामी ठेवायचं तर ती जागा 2017 च्या कायद्याखाली मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदलेली लागते. नोंदणी नसेल तर पहिल्याच वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट अशी की रात्री दोन वाजता त्यातल्या एकाला त्रास झाला तर तुम्ही एकट्या काय कराल? निराधार माणूस दिसला तर पोलीस ठाण्याला कळवा. अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं हे त्या कायद्यानं पोलिसांचं काम आहे. तुम्ही सोबत जा, त्याच्या शेजारी बसा. पुनर्वसनाचं निवासी काम खरोखर करायचं असेल तर दिव्यांगांसाठीच्या दीनदयाळ पुनर्वसन योजनेत बऱ्या झालेल्या मनोरुग्णांच्या निवासाला केंद्राचं अनुदान आहे. पण तो दोन-तीन वर्षांच्या तयारीचा रस्ता आहे.

फोटोंचं. आजाराची माहिती गुप्त राहणं हा त्या माणसाचा हक्क आहे, आणि दवाखान्यात उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं कायदाच सांगतो. तुमची संस्था दवाखाना नसली तरी तीच शिस्त पाळा. 'संमती घेतली' असं कोणी म्हणेल. ज्याला तुमच्याकडून गोळ्यांचं गाडीभाडं मिळतं, तो तुम्हाला फोटोला नाही कसा म्हणेल?

आमच्याकडेही एका देणगीदारानं असंच अडून धरलं होतं. मी नोंदवहीच्या एका पानाची छायाप्रत पाठवली. नावांच्या जागी फक्त क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकापुढे बावन्न आठवड्यांचे बावन्न रकाने. फेरी झाली तिथं बरोबरची खूण, त्या आठवड्यात गोळ्या घेतल्या असतील तर खुणेखाली टिंब. त्यांचा फोन आला. म्हणाले, "सतरा क्रमांकाला पोळ्यानंतर तीन आठवडे टिंब नाही आणि मग पुन्हा सुरू झालं, ते कसं?" मी सांगितलं: बरं वाटलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या, झोप पुन्हा गेली, आणि कार्यकर्ती तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या वावरात जाऊन तुरीच्या धुऱ्यावर तासभर बसली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कार्यकर्तीला प्रवासाचे पैसे पुरतात का, एवढंच विचारलं. फोटोचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुमचे देणगीदार असेच निघतील याची खात्री मी देऊ शकत नाही. हप्ता अडलाच तर मला कळवा, त्यांना लिहायच्या पत्राचा मसुदा आपण मिळून करू. त्या रकान्यांच्या पानाचा कोरा नमुना कुणालाही हवा असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पान आडवं छापा, नाहीतर मार्चपर्यंतचे रकाने मावत नाहीत.